रूट बीअरचे सात पेले

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारला जातो. मीही नायगारा पाहिला. पाणी पुष्कळ आहे आणि ते मोठ्या आवाजाने खाली पडते. परंतु त्याविषयी आजवर इतक्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे की, माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाने त्यात आपलाही एक तांब्या ओतावा, असे काही कारण दिसत नाही. मी सांगणार आहे ते एका पेयाविषयी. त्याचे नाव रूट बीअर.

नाव वाचून घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी अंक मिटू नये. बाजारात मिळणाऱ्या या बीअरमध्ये मद्य नसते. शाळकरी मुले ती पितात, आजीबाई पितात आणि रविवारी चर्चमधून बाहेर पडलेली सोवळी माणसेही पितात. नावातली बीअर ही केवळ नावापुरती आहे, जशी आपल्याकडच्या काही 'शांती निवासां'तली शांती.

२०२३ साली उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा मी फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे गेलो. ती तेथे २००७ पासून आहे. सोळा वर्षांत मी तिच्या घरी गेलो नव्हतो. कधी रजा नव्हती, कधी पैसे नव्हते. आणि शेवटची दोन वर्षे, खरे सांगायचे तर, जावेसे वाटत नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमची आई गेली. बहिणीला येता आले नाही. त्या दिवसांत विमाने, परवानगीचे कागद, विलगीकरण या साऱ्यांचा असा गुंता झाला होता की, शेजारच्या गावातला माणूसही वेळेवर पोहोचत नव्हता. तिने सगळे फोनच्या चौकोनात पाहिले. हे मला कळत होते. पण कळणे निराळे आणि वळणे निराळे. तेव्हापासून आमच्या बोलण्यात हवापाण्याचा भाग फार वाढला होता. तिकडे बर्फ पडले का, इकडे पाऊस झाला का, आणि मग, 'बरं, ठेवू?'

गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुण्यांनी सर्वांना जेवायला बाहेर नेले. तेथे त्यांनी माझ्यासाठी कौतुकाने रूट बीअर मागवली. बर्फाच्या पेटीत ठेवून पांढरा धुरकट झालेला काचेचा जाड मग आला. आत काळसर तपकिरी पेय आणि वर बोटभर फेस. दिसायला गूळ घातलेल्या कोऱ्या चहासारखे. मी मोठ्या अपेक्षेने घोट घेतला, आणि क्षणभर मला काही सुचेचना. जिभेवर गोड लागत होते, पण नाकात मात्र कोणीतरी कंबरदुखीच्या बामची डबी उघडून धरली होती.

"हे प्यायचं की पाठीला लावायचं?" मी म्हणालो.

मेहुणे खो खो हसले. तेरा वर्षांचे भाचेबुवा आधी दुखावले आणि मग हसले. बहीण मात्र हसली नाही. ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. प्रवासाने शिणलेल्या माझ्या डोक्याने त्याची नोंद घेतली, पण अर्थ लावला नाही.

भाचेबुवांनी मात्र माझे वाक्य फारच मनाला लावून घेतले. "मामा, तू एकच ब्रँड प्यायलास. सगळे सेम नसतात," असे त्यांनी मला गाडीत बजावले, आणि एका घोटावरून अख्ख्या जातीची परीक्षा करणे हे अन्यायाचे आहे, अशा अर्थाचे काहीतरी इंग्रजीत सांगितले. मी निरुत्तर झालो. एक कविता वाचून कवीवर पानभर मत ठोकणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात हेच सांगत आलो आहे. तेव्हा त्याच रात्री बेत ठरला की, जितक्या कंपन्यांची रूट बीअर मिळेल तितकी आणायची आणि रीतसर परीक्षा घ्यायची.

परीक्षेआधी अभ्यास हवाच. एका शनिवारी आम्ही सगळे फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट बागेत गेलो. बाग हा शब्द येथे तोकडा पडतो. ते एक लहानसे संस्थानच आहे. त्यात मेमोरियल हॉल नावाची दगडी इमारत आहे, डोक्यावर लोखंड आणि काच यांचा घुमट. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, १८७६ साली, १० मे ते १० नोव्हेंबर येथे एक जागतिक प्रदर्शन भरले होते. सहा महिन्यांत सुमारे एक कोटी प्रवेशांची नोंद झाली. हल्ली त्या इमारतीत मुलांचे संग्रहालय आहे. याच प्रदर्शनात फिलाडेल्फियाचे एक तरुण औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी आपली रूट बीअर लोकांपुढे मांडली, असे सांगतात.

मुळ्या, साली आणि पाने उकळून पेय करण्याची रीत त्यांनी शोधलेली नव्हे. गोऱ्यांच्या आधीपासून तेथे राहणाऱ्या लोकांना सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळीचा गुण ठाऊक होता, आणि पुढे गावोगावच्या गृहिणी घरच्या घरी ती उकळून, थोडी आंबवून पेय करीत. हायर्स यांचे कर्तृत्व असे की, त्यांनी त्याची पुडी बांधली. पुडी विकत घ्यावी, घरी पाणी, साखर आणि यीस्ट घालून बाटल्या भराव्यात. पुढे अर्क आला, मग तयार बाटल्या आल्या. त्यांच्या मनात नाव होते 'रूट टी', म्हणजे मुळांचा चहा. परंतु पेनसिल्व्हेनियाच्या खाणीतला मजूर चहाचे नाव ऐकून जवळ येणार नाही, त्याला बीअर म्हणा, असा सल्ला एका स्नेह्याने दिला, अशी कथा आहे. सल्ला नामी ठरला, पण अंगाशीही आला. १८९५ मध्ये मद्यपानविरोधी स्त्रियांच्या मोठ्या ख्रिस्ती संघटनेने या पेयावर बहिष्कार पुकारला. नाव बीअर, म्हणजे आत मद्य असणारच! अखेर एका रसायनतज्ज्ञाने तपासून सांगितले की, एका बाटलीत पावाच्या अर्ध्या लादीइतकेच मद्य आहे, आणि १८९८ मध्ये बहिष्कार उठला. नावामुळे माणसाचे काय होते हे आपण जाणतोच; बाटल्यांचेही तेच होते.

भाचेबुवा हातातल्या फोनवर वाचून हे सारे मला सांगत होते. मध्येच म्हणाले, "मामा, बेलचा टेलिफोनपण इथेच दाखवला. सेम इयर."

"फोन इथलाच का?" बहीण म्हणाली. एवढेच म्हणाली. मग घुमटाकडे पाहत राहिली. मी सॅसाफ्रासची चौकशी पुढे चालू केली.

ते झाडही आम्ही पाहिले. शहराच्या हद्दीतच विसाहिकन नावाच्या ओढ्याचे दाट झाडीचे खोरे आहे. सॅसाफ्रासची गंमत अशी की, एकाच फांदीवर तीन आकारांची पाने असतात. एक साधे, लांबट. दुसरे अंगठा बाहेर काढलेल्या हातमोज्यासारखे. तिसरे तीन बोटांचे. तीन भावंडे एकाच घरची, पण एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नाही. भाचेबुवांनी एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरले. लिंबाचा वास होता, थोडी बडीशेप होती, आणि मागे कुठेतरी ते मगमधले पेयही होते.

आता या झाडाच्या मुळीचे तेल रूट बीअरमध्ये नसते. त्यात सॅफ्रोल नावाचे द्रव्य असते. उंदरांना ते खाऊ घातल्यावर यकृताचा कर्करोग होतो असे आढळल्यामुळे १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. तेव्हापासून कारखानदार सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात. म्हणजे आज जी रूट बीअर मिळते, तिच्यातून मूळ मुळीच गेली आहे. तिची जागा विंटरग्रीन, व्हॅनिला, ज्येष्ठमध, जायफळ अशा इतर स्वादांनी कमीअधिक प्रमाणात भरून काढली आहे. ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने रिकामी जागा भरली, म्हणून तर कंपनीगणिक चव बदलते.

हे ऐकताना मला आमच्या उपळसरीची आठवण झाली. लहानपणी उन्हाळ्यात अंगभर घामोळे आले की आई उपळसरीच्या मुळ्या आणून काढा करी. हिलाच अनंतमूळ म्हणतात आणि संस्कृतात सारिवा. इंग्रजांनी तिचे नाव 'इंडियन सार्सापरिला' असे ठेवले, कारण त्यांची सार्सापरिला हीसुद्धा औषधी मुळी, आणि तीही रूट बीअरमध्ये पडे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे दोघींचे काही नाते नाही. गुणावरून मानलेल्या बहिणी. दक्षिणेत त्याच अनंतमुळाचे नन्नारी सरबत करतात. तेव्हा मुळी उकळून पिणे आपल्याला नवे नाही. फक्त आपण त्याला औषध म्हणालो आणि तोंड वाकडे करून प्यायलो. अमेरिकेने त्यात साखर आणि बुडबुडे घातले आणि पोरांच्या हाती दिले.

परीक्षेचा रविवार उजाडला. घरामागच्या लाकडी ओट्यावर टेबल मांडले. भाचेबुवा परीक्षा नियंत्रक. सात बाटल्या आणि डबे सारख्या वेळ थंड केलेले, सात कागदी पेल्यांच्या बुडाशी क्रमांक, कोणत्या पेल्यात काय हे फक्त त्यांना माहीत. दोन घोटांच्या मध्ये तोंड धुवायला पाणी आणि खारी बिस्किटे. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षांत इतका कडक बंदोबस्त मी पाहिलेला नाही. हायर्स यांच्या नावाची बाटली मात्र आम्हाला त्या भागातल्या दुकानांत मिळाली नाही. ज्यांनी शाळा काढली त्यांचेच नाव हजेरीपटावर नव्हते.

परीक्षक मी आणि मेहुणे. बहिणीला बोलावले, तर ती म्हणाली, "मला नाही आवडत रूट बीअर. तुमचं चालू द्या, मी भजी तळते."

पहिल्याच पेल्याला अडचण आली. वहीत चव लिहायची तर भाचेबुवांपाशी शब्द दोनच, 'स्वीट' आणि 'व्हेरी स्वीट'. तेव्हा मी पेशाला जागलो. म्हटले, अरे, आपल्या भाषेत नुसते गोड कधीच नसते. गोडमिट्ट असते, आंबटढाण असते, तिखटजाळ असते, कडूजहर असते. कमी गोड असेल तर अगोड. जीभ आखडली तर तुरट. नाकाला झोंबला तर उग्र, लांबून आला तर दरवळ. 'तिखटजाळ' हा शब्द त्यांना इतका आवडला की, वास्तविक एकही पेला तिखट नसताना त्यांनी तो दोन ठिकाणी लिहिला.

आता निकाल. नावे अर्थात आम्हाला मागाहून कळली.

पहिला पेला 'ए अँड डब्ल्यू'चा. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडी गावी रॉय ॲलन यांनी महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या मिरवणुकीच्या वेळी पेयाचा ठेला मांडला. १९२२ मध्ये फ्रँक राइट भागीदार झाले, आणि दोघांच्या आडनावांची अक्षरे जोडून हे नाव झाले. चव मऊ, व्हॅनिलाची, साईसारखी. आईस्क्रीम वितळून पेल्यात उतरल्यासारखी. भाचेबुवांचा हा पहिला क्रमांक. सर्वांशी गोड बोलणाऱ्या माणसासारखा हा पेला मला वाटला. तक्रार काही करता येत नाही, लक्षातही फार राहत नाही.

दुसरा 'बार्क्स'चा, १८९८ साली मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावी जन्मलेला. हा अगोड, फेस कमी, आणि बुडबुडे जिभेला चावणारे. यात कॅफीनही असते, जे बहुतेक रूट बीअरमध्ये नसते. मेहुण्यांनी याला पहिला क्रमांक दिला. ते हिशेबतपासनीस आहेत, त्यांना फेस खपत नाही.

तिसरा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला 'मग'. हा पहिल्याचा धाकटा भाऊ शोभेल असा. गोडमिट्ट, सौम्य, वास थोडका. चौथा 'आय बी सी', १९१९ मध्ये सेंट लुईसच्या बीअर कारखानदारांनी काढलेला. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, साऱ्या देशात दारूबंदी आली आणि ती १९३३ पर्यंत टिकली. त्या तेरा वर्षांत अनेक गुत्त्यांना आणि कारखान्यांना अशाच बिनमद्याच्या पेयांनी जगवले. याची चव गुळगुळीत, आणि घोट उतरल्यावर बामची एक पुसट रेघ. पाचवा शिकागोचा, १९३७ सालचा 'डॅड्स'. त्यात ती रेघ ठळक झाली आणि ज्येष्ठमधासारखे काही जिभेवर रेंगाळले.

सहावा 'स्प्रेकर'. मिलवॉकी हे बीअरचे शहर. तेथल्या एका बीअरच्याच कारखान्यात १९८५ पासून हे पेय होते, आणि त्यात विस्कॉन्सिनचा मध असतो. फेस असा की नाकाला लागावा. काहींत हा फेस टिकावा म्हणून युक्का किंवा क्विलाया या वनस्पतींचा अर्क घालतात. आपल्या रिठ्यात जे द्रव्य असते त्याच कुळातले यांतही असते, म्हणजे न्हाणीघरातला फेस आणि मगमधला फेस मावसभाऊ म्हणायचे. मधामुळे या पेल्याला एक खमंगपणा होता, काकवीची आठवण देणारा. पहिला क्रमांक द्यावा तो यालाच, असे मी मनात ठरवले.

आणि मग सातवा आला. रंग निवळलेला, फेस बेताचा. पेला तोंडाशी नेण्यापूर्वीच मी ओळखले. ही रेघ नव्हती, फराटा होता. गोड पाण्यात कोणी अख्खा बाम ढवळला होता. भाचेबुवा टाळ्या पिटून हसले. त्यांनी मुद्दाम मामाला फसवण्यासाठी रूट बीअरच्या ओळीत एक चुलत भाऊ घुसडला होता, बर्च बीअर. ही न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी १८९१ मध्ये एका औषधविक्रेत्याने सुरू केलेल्या 'बॉयलन' कंपनीची. पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या भागांत हिचे भक्त आहेत.

हा वास येतो कोठून, याचाही शोध आम्ही लावला. विंटरग्रीन हे एक लहान झुडूप, आणि गोड बर्च हा एक मोठा वृक्ष. दोघांच्या तेलात एकच द्रव्य असते, मिथाइल सॅलिसिलेट. नीलगिरीच्या डोंगरात विंटरग्रीनचे एक भावंड उगवते. त्याच्या तेलाला आपण गंधपुरा तेल म्हणतो आणि आखडलेल्या सांध्यांना चोळतो. कंबरदुखीच्या मलमांत, बामांत ते असते. अमेरिकेतल्या मुलाला हाच वास प्रथम भेटतो तो सुट्टीत, मगमध्ये, वर आईस्क्रीमचा गोळा तरंगत असताना. आपल्याला तो प्रथम भेटतो तो एका अंधाऱ्या खोलीत, कोणाच्या तरी कण्हण्याबरोबर. द्रव्य एक, प्रमाण वेगळे. भाचेबुवांच्या नाकाला जी सुट्टी वाटते, ते माझ्या नाकाला दुखणे वाटते, आणि दोघांपैकी कोणाचेही नाक खोटे नाही. जीभ न्यायाधीशाचा आव आणते खरी, पण मनात ती साक्षीदारच असते. जे पाहिले, ज्याच्या सोबतीने पाहिले, तेच ती सांगते.

इतक्यात बहीण भज्यांची ताटली घेऊन बाहेर आली. टेबलावर जागा करायला तिने सातवा पेला उचलला. उचलला आणि तशीच थांबली. मग ताटली माझ्या हाती देऊन खुर्चीवर बसली, आणि दोन्ही हातांत पेला धरून तिने वास घेतला.

"दादा, हा कुठला?"

"सातवा. बर्च बीअर."

"हा आईचा," ती म्हणाली.

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "त्या दिवशी तू म्हणालास ना, प्यायचं की पाठीला लावायचं? आई हेच म्हणाली होती. हेच शब्द. २०१० साली, माझ्या बाळंतपणाला आली होती तेव्हा. ह्यांनी तिला अशीच एकदा कौतुकानं दिली होती. तुला कुठून माहीत असणार? पण तू बोललास आणि मला वाटलं, ती टेबलाशी बसलीय."

मेहुणे मान हलवत होते. त्यांनाही आता आठवले होते.

"शेवटी तिची पाठ कोण चोळायचं, दादा?"

"मीच. रात्री."

"फार दुखायची?"

"दुखायची." मी भज्यांच्या ताटलीकडे पाहत होतो. "बाम लावला की म्हणायची, तुझा हात जड आहे, धाकटीचा हात हलका होता. रोज म्हणायची."

हे वाक्य मी दोन वर्षे तिला सांगितले नव्हते. विसरलो होतो असे नाही. फोन करताना कित्येकदा ओठांवर आले होते आणि मी त्याऐवजी पावसाचे विचारले होते. का विचारले, ते मला ठाऊक आहे. आईच्या शेवटच्या रात्री जागलो ते मी, तेव्हा तिचे शेवटचे शब्दही माझ्याच मालकीचे, असा एक क्षुद्र हिशेब मी मनात मांडून ठेवला होता. आणि ज्या वाक्याने बहिणीला थोडे बरे वाटले असते, ते मी किल्लीखाली ठेवून दिले होते. वर्गात करुणरसावर तासभर बोलणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

बहीण रडली. मीही काही अगदी कोरडा राहिलो नाही. भजी गार झाली. मग तिने डोळे पुसले आणि सातवा पेला घोटाघोटाने संपवला.

भाचेबुवा इतका वेळ गप्प होते. त्यांना आजी फोनवरचीच आठवते. ती त्यांच्या जन्माच्या वेळी या घरात सहा महिने राहिली होती, हे त्यांना ऐकून माहीत, पण ऐकीव माहितीला वास नसतो. त्यांनी हळूच विचारले, "आई, आजीला आवडली होती का ती रूट बीअर?"

"छे रे! पण पेला पूर्ण संपवला तिनं. अन्न टाकायचं नाही म्हणायची."

शेवटी परीक्षेचा निकाल सांगितला पाहिजे, नाहीतर वाचक रागावतील. परीक्षक चार, आणि पहिले क्रमांकही चार. भाचेबुवांचा 'ए अँड डब्ल्यू', मेहुण्यांचा 'बार्क्स', माझा 'स्प्रेकर' आणि बहिणीची बर्च बीअर, जी मुळात स्पर्धेतच नव्हती. कोणी कोणाचे मत बदलू शकले नाही. तरीही अमेरिकेला जाणाऱ्याने एवढे करावे. एका घोटावर थांबू नये, आणि घोट घेताना जे तोंडून निघेल ते गिळू नये. घरातल्या कोणाला तेच ऐकायचे असते.

निघण्याच्या दिवशी भाचेबुवांनी वहीतले ते पान फाडून मला दिले. विमानतळावर बसून मी ते उघडले. सात आडव्या ओळी, चार उभी घरे, वेडेवाकडे देवनागरी अक्षर. चौघांच्या घरांशेजारी त्यांनी हाताने रेघ ओढून पाचवे घर केले होते आणि वर लिहिले होते, 'आजी'. खाली सातांपैकी सहा ओळी रिकाम्या. सातव्या ओळीत एवढेच होते:

'उग्र. पण संपवली.'